नोंदीबाहेरची माणसे



वसंत व्याख्यानमालेचा पायंडा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास पाडला आणि पुढे तो तालुक्यातालुक्याच्या गावी पोहोचला. या व्यासपीठांवरून राष्ट्र, धर्म, विज्ञान, वाङ्मय अशा भारदस्त विषयांवर पुष्कळ बोलले गेले आहे. आजचा आमचा विषय त्यामानाने फार लहान. गावात जन्मास आली, गावातच राबली आणि गावातच निवर्तली अशा माणसांची आठवण कशी ठेवावी, एवढाच तो प्रश्न आहे. गाव सोडून गेलेल्यांचे सत्कार आपण हौसेने करतो. मुंबईस गेला, अमेरिकेस गेला की गावाचे नाव झाले म्हणतो. जो गेला नाही, त्याच्यामुळे गाव गाव राहिले, हे मात्र ध्यानी येत नाही.

असा माणूस गेला म्हणजे आपण काय करतो, ते पाहू. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात चार ओळींची निधनवार्ता येते. तो मनमिळाऊ होता, धार्मिक वृत्तीचा होता, आणि त्याच्या पश्चात मुलगे, मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे. या चार ओळी इतक्या ठरून गेल्या आहेत की नाव बदलले तरी वाचणाऱ्यास फरक कळू नये. आमच्या माहितीत गावातील एकही माणूस मरणानंतर अमनमिळाऊ निघालेला नाही! दुसरी गोष्ट फ्लेक्सची. चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा फलक लागतो. मध्ये मृताचे छायाचित्र आणि भोवती शोकाकुल मंडळींची छायाचित्रे. त्यात पुढारी असला तर त्याचे चित्र मृताहून थोडे मोठे. तेरावा झाला की फलक उतरतो आणि पावसाळ्यात कोणाच्या तरी गोठ्यावर पांघरला जातो. तो तेथे उपयोगी पडतो, याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्या माणसाने साठ-सत्तर वर्षे या गावात काय केले, ते या दोन्हींत कोठेच येत नाही.

आपल्या पूर्वजांस ही अडचण वाटलीच नाही असे नव्हे. मारुतीच्या देवळापाशी किंवा जुन्या वेशीजवळ उभे असलेले वीरगळ आपण सर्वांनी पाहिले आहेत. खालच्या चौकटीत लढाई, पुष्कळदा गाई वळवून नेणाऱ्यांशी झालेली. त्यावर अप्सरा त्या वीरास वर नेत आहेत. त्याहून वर तो शिवलिंगाची पूजा करीत आहे, आणि शेंड्याला चंद्रसूर्य. गावच्या गुरांसाठी कोणी जीव दिला, हे त्या दगडाने आठशे-हजार वर्षे सांभाळले आहे. बहुतेक वीरगळांवर नाव मात्र नाही. म्हणजे कृत्य राहिले आणि माणूस गेला.

याच्या अगदी उलट रीत सरकारी दप्तराची. सातबाराच्या उताऱ्यावर नाव असते, वडिलांचे नाव असते, क्षेत्र असते. वारसनोंद व्हायची राहिली तर माणूस मेल्यावरही वीस-वीस वर्षे तेथे जमीन कसत असतो. पण त्या जमिनीत विहीर कोणत्या साली कोणी खणली आणि खडक लागल्यावर किती उन्हाळे काम बंद होते, याला त्या उताऱ्यात रकाना नाही. जन्ममृत्यूचे कोतवाल बुक, शाळेचे जनरल रजिस्टर, ही पुस्तकेही त्याच जातीची. अलीकडे जातीच्या दाखल्यासाठी पणज्याचे नाव शोधीत तरुण मुले तहसील कचेरीत येतात आणि मोडी वाचणाऱ्यास शोधीत फिरतात. पणजा सापडला, त्याची जात सापडली, की कागदाची नक्कल घेऊन ती परत जातात. पणजा हयातभर कोणते काम करीत होता, हे विचारावयास ती आलेलीच नसतात.

तिसरी रीत हेळव्यांची. कोल्हापूर-सांगलीकडील आणि कर्नाटकातील मंडळींस हेळवी सांगावयास नकोत. बैलावरून गावोगाव फिरावे, दारात बसून त्या घराण्याची वंशावळ म्हणून दाखवावी, मूळ गाव कोणते ते सांगावे, नवे पोर झाले असेल त्याची चोपडीत भर घालावी आणि धान्य, कपडा घेऊन पुढे जावे, असा त्यांचा व्यवसाय. त्यांच्या पाठांतरापुढे आम्ही नेहमी नतमस्तक होतो. परंतु ही स्मृती रक्ताची. बापापासून लेकाकडे ती उतरते, आणि लग्न होऊन गेलेली लेक या झाडाची फांदी उरत नाही.

इथे स्त्रियांविषयी दोन शब्द अधिक बोलणे भाग आहे. आपल्याकडे पुष्कळ घरांत लग्नात ताटातल्या तांदळांवर सुनेचे नवे नाव लिहीत. ती माहेरी एक आणि सासरी दुसरी. दप्तरात शोधू जावे तर पहिल्या नावाची बाई विसाव्या वर्षी नाहीशी होते आणि दुसऱ्या नावाची बाई विसाव्या वर्षीच एकदम जन्मास येते! पुढे भावांच्या बाजूने हक्कसोड लिहून दिली की माहेरच्या उताऱ्यातले तिचे नावही जाते. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने केला, ही चांगली गोष्ट झाली. पण आज ज्या ऐंशीच्या घरात आहेत त्यांच्यापर्यंत ती मागे पोहोचत नाही. एखाद्या म्हाताऱ्या बाईस माहेरचे नाव विचारून पाहा. ती क्षणभर थांबते, आणि मग ते नाव असे सांगते की जणू एखाद्या मैत्रिणीचे सांगते आहे.

मग जे राहिले ते कसे राहिले? बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. जन्म १८८०, जळगावच्या चौधरींच्या घरी दिलेल्या, अक्षरओळख नाही. शेतात आणि जात्यावर त्या रचीत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसबंधू यांनी त्यांतील काही गाणी उतरून ठेवली. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई वारल्या. ती वही पुढे आचार्य अत्रे यांच्या पाहण्यात आली आणि १९५२ साली गाणी पुस्तकरूपाने निघाली. आज शाळेतल्या पोरासही बहिणाबाई ठाऊक आहेत. पण थोडा विचार करा. घरात कोणी लिहून घेणारा नसता तर त्या ठिकाणी काय उरले असते? वारसनोंदीतील एक ओळ. आणि जी गाणी उतरून घेतली गेली नाहीत ती जात्याच्या घरघरीबरोबर गेलीच.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली प्रसिद्ध झाली. धर्मा रामोशी, रामा मैलकुली, शिदा चांभार, तांबोळ्याची खाला ही त्यांतली माणसे. मैलकुली म्हणजे मैलभर रस्त्याची देखभाल करणारा मजूर. त्याचे चरित्र लिहावे असे त्या अगोदर आपल्या वाङ्मयात कितीजणांस सुचले होते? माडगूळकर १९२७ सालचे. म्हणजे हे पुस्तक आले तेव्हा ते अवघे बाविशीत होते. गावच्या आठवणी हे पिकल्या केसांचे काम, अशी जी आपली समजूत आहे, ती या एका गोष्टीने मोडावी. सांगणारा म्हातारा असावा. ऐकणारा तरुण असलेलाच बरा, कारण त्याला कान असतात आणि पुढे वर्षे असतात.

परंतु आम्हांस तिसरे उदाहरण या सर्वांहून मोलाचे वाटते. बेबीताई कांबळे यांचा जन्म १९२९ चा. बालपण वीरगावच्या महारवाड्यात आजोळी गेले. लहानपणीच लग्न होऊन त्या फलटणास आल्या आणि तेथे किराणा मालाचे छोटे दुकान चालवू लागल्या. गिऱ्हाईक नसेल तेव्हा दुकानात बसून त्या लिहीत, आणि लिहिलेले कागद नवऱ्यापासून लपवून ठेवीत. हे दहावीस दिवस नव्हे, तर वर्षानुवर्षे चालले. १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक निघाले. त्यात मी थोडी आणि आम्ही फार आहोत. बाळंतिणीची उपासमार, कोवळ्या सुनांचा छळ, येसकराने गावभर केलेल्या फेऱ्या आणि त्याच्या पदरात पडलेली भाकरी, आणि बाबासाहेबांचे शब्द कानी पडल्यावर त्याच वस्तीने टाकलेले पाऊल. गावाच्या कोणत्याही स्मरणिकेत या बायांची नावे आली नसती, कारण स्मरणिका काढणारे वेशीच्या आत राहात होते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, गावाची आठवण ठेवू म्हणणाऱ्याने पहिला प्रश्न पाण्याचा विचारावा. तुम्ही पाणी कोठून भरत होता? एवढे विचारले की पुढे फार विचारावे लागत नाही. कोणत्या विहिरीवर कोणी जावयाचे, कोणी ओंजळ धरून उभे राहावयाचे, हे सगळे आपोआप बाहेर येते. महाडचे चवदार तळे हे एका लहान गावातलेच तळे होते, आणि १९२७ साली तेथे जे झाले ते याच प्रश्नावरून झाले. आपल्या गावची उत्तरे ऐकताना आपल्या आजोबांविषयी काही अप्रिय कानी पडेल. तेही लिहून घ्यावे. निधनवार्तेतला मनमिळाऊपणा इथे चालावयाचा नाही.

दुसरा प्रश्न कामाचा. आयुष्याचे सार सांगा म्हटले तर म्हातारे माणूस संकोचते; आमचं काय सांगायचं, म्हणते. त्याऐवजी मोट कशी चालत होती ते विचारा. नाडा कोणता आणि सोंदूर कोणता, बैल धावेवरून मागे कसे यावयाचे, थारोळ्यात पाणी पडले की पाट कसा धरावयाचा, मोटेचे कातडे कोण शिवीत होता आणि त्याला सुगीत काय मिळे. बोलता बोलता हात हलू लागतात. इंजिन आले, मग वीज आली, आणि मोटेबरोबर हे सारे शब्दही अडगळीत गेले. ते आज कोशांत सापडतील. पण कोणता शब्द कोणत्या बैलावर ओरडून म्हटला जाई, ते कोशकारास ठाऊक नसते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ सालचा. गाव ही संस्था समजून घ्यावयास त्याला तोड नाही. तथापि त्यात बलुतेदार आहेत, तुमच्या आळीतला अमुक एक सुतार नाही. तो तुम्हीच लिहावयास हवा. आणि वेळ थोडा आहे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, १९६२ च्या कायद्याने महसुली पाटीलकी गेली. तेव्हा विशीत असलेले जे कोणी आज आहेत ते नव्वदीकडे झुकले आहेत.

तिसरा प्रश्न बहात्तरचा. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर माणसे किती होती? १९७३ च्या मे महिन्यात हा आकडा राज्यात ५० लाखांच्या घरात गेला होता. खडी फोडणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. कडेवरचे मूल झाडाखाली ठेवावयाचे, तर झाडालाही पान नाही. सुकडी खाल्लेली, परदेशातून आलेला तांबडा मिलो दळून त्याच्या भाकरी थापलेली ही माणसे आपल्यात आहेत. याच अनुभवाने वि. स. पागे यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेस बळ आले. १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला आणि २००५ साली देशाने तशाच हमीचा. त्या पाझर तलावांवर आमदारांच्या नावाच्या कोनशिला आहेत. खडी फोडणारीचे नाव हजेरीपटावर होते, आणि त्यापुढे बहुधा अंगठा. पहिल्या दिवशी हाताला किती फोड आले, मजुरी कितव्या दिवशी मिळाली आणि मिळाल्यावर सर्वांत आधी काय विकत घेतले, हे ती अजून सांगू शकते.

एका मोहाविषयी सावध करणे अवश्य वाटते. लहान गावास आपली विक्षिप्त माणसे फार आवडतात. कोणी विसरभोळा मास्तर, कोणी तोंडाळ आजी. त्यांचे दोन किस्से पिढ्यान्‌पिढ्या चालतात, आणि हसून झाले की आपण त्यांस आठवले असे समजतो. हसू नये असे नव्हे. पण त्या मास्तरांनी किती मुलांचा पाटीचा खर्च केला आणि ती आजी रात्री-अपरात्री किती बाळंतपणे करून आली, याची यादी किश्शाखाली दडपून जाते.

ही वही ठेवण्यास जागा आपल्या वाचनालयासारखी दुसरी नाही. पैसा लागत नाही. दोनशे पानांची जाड वही आणि शाई पुरे. मोबाईलवर आवाज अवश्य घ्यावा, मात्र कागदावरही उतरवावे, कारण मोबाईल दोन वर्षांत बदलतो आणि जुना कोणाच्या खणात गेला ते कळत नाही. पानाच्या डोक्यावर माणसाचे नाव. बाई असेल तर दोन्ही नावे. शब्द तिचेच ठेवावेत, मास्तरी शुद्ध करू नयेत. लिहिलेले तिला वाचून दाखवावे, आणि हे नको म्हणाली तर तेवढे खोडावे. ती गोष्ट तिची आहे. सुरुवात मोठ्या वाड्यांपासून करू नये, त्यांची कागदपत्रे त्यांच्यापाशी आहेत. सुरुवात ओढ्यापलीकडच्या वस्तीपासून करावी. सध्या शाळांना सुट्टी आहे, मुले मोकळी आहेत, माहेरवाशिणी आल्या आहेत, आणि ऊन उतरल्यावर पाचाच्या सुमारास म्हातारी माणसे ओट्यावर येऊन बसलेली असतात.