पंप जुना, वीज मात्र कित्येक पट



कार्बन-तटस्थ कृत्रिम इंधनाची बाजू मांडणारे एक मुद्दा हटकून पुढे करतात: या इंधनासाठी नवे काहीच उभारावे लागत नाही. तोच टँकर, तोच पंप, तीच गाडी. आपल्या म्हसावद-शहादा पट्ट्यात डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की ती बदलून मिळेपर्यंत केळी-पपईच्या बागा तहानलेल्या राहतात; इथे चार्जिंगवर विसंबणे अवघड, म्हणून हा मुद्दा चटकन पटतो. मला तो अर्धाच खरा वाटतो. उभारणी टळत नाही. ती आपल्या नजरेआड, कारखान्यात आणि वीजकेंद्रात होते, आणि तिथे तिचा आकार कितीतरी वाढतो.

हिशेब घालून पाहू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढायचा, कार्बन डायऑक्साइड गोळा करायचा, दोन्हींपासून इंधन बनवायचे; या वाटेत निम्म्याहून अधिक ऊर्जा खर्ची पडते. म्हणजे लिटरमागे किमान १८ युनिट. त्या लिटरवर मोटरसायकल ५०-६० किलोमीटर जाईल. तेवढ्याच विजेवर, युनिटला २५ किलोमीटर धरले, तरी इलेक्ट्रिक स्कूटर ४५० किलोमीटर धावेल. जुना पंप वाचवण्यासाठी आठपट सौर पॅनल, त्यांना जमीन, शिवाय इलेक्ट्रोलायझर आणि पाणी, हा सौदा कुणाला परवडेल? चिलीत पुंता अरेनासजवळ २०२२ च्या डिसेंबरात असा प्रायोगिक कारखाना सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला सुमारे १ लाख ३० हजार लिटर आहे, आणि तोही अखंड वाऱ्याच्या प्रदेशात.

कुणी म्हणेल, आपली वीज बहुतांश कोळशाची, मग बॅटरीची गाडी स्वच्छ कशी? आक्षेप रास्त आहे; पण वीज मळकी असेल, तर जिथे ती कित्येक पट लागते तिथे दोषही तितकाच वाढतो. दुसरा आक्षेप घाटाचा. तोरणमाळ चढताना बॅटरी लवकर उतरते हे खरे, पण उतरताना मोटर त्यातली थोडी वीज परत भरते. डिझेल टाकीत परत येत नाही. विजेच्या बेभरवशाचा तिसरा आक्षेप मात्र मी सर्वांत गंभीर मानतो. त्यावर उत्तर एकच, फीडर आणि डीपी सुधारणे. तो खर्च केवळ गाड्यांसाठी नाही. त्याच तारेवर दवाखान्यातला लसींचा फ्रीज चालतो आणि पिठाची गिरणीही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे दिवसाची वीज शेतीजवळ तयार होऊ लागली आहे. दुचाकी आणि रिक्षा दुपारी चार्ज करण्याची सवय लागली, तर त्या विजेचा उपयोग वाढेल.

कृत्रिम इंधन टाकाऊ आहे, असे मी म्हणत नाही. विमानांना आणि लांब पल्ल्याच्या जहाजांना बॅटरी पुरत नाही. त्यांच्यासाठी कार्बन मिळवायला उसाचा पट्टा उपयोगी पडेल: मळीपासून इथेनॉल करताना लिटरमागे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तोही बराचसा शुद्ध. हवेतून विरळ वायू गाळण्यापेक्षा तो धरणे सोपे. पण ते इंधन विमानाला द्यावे, एसटीला नव्हे; एसटी विजेवर धावू शकते. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला गेली. २०२२ मध्ये त्याच तारखेला, त्याच मार्गावर विजेवरची शिवाई बस धावली. शहादा आगारात अशा गाड्या आणायच्या, तर आधी उच्चदाबाची वाहिनी आणि पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागेल. जिल्हा नियोजनाचा निधी मागताना ही मागणी आपण पहिली लिहावी, असा माझा आग्रह आहे.