पोट भरणे आणि पोट ओळखणे
(वर्षावासात पौर्णिमेच्या दिवशी आपल्या विहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही डॉक्टर नाही. सूतगिरणीत साच्यावर तीस वर्षे घालवलेला, सातवी शिकलेला माणूस आहे. पण रोज चार पाने वाचल्याशिवाय झोपायचे नाही, ही सवय बाबासाहेबांच्या चरित्राने लावली. आज मी खाण्यावर बोलणार आहे. कुणी म्हणेल, विहारात हा विषय कशाला? तर आपल्या बेंबळीत आता शुगरची गोळी नाही असे घर शोधावे लागते म्हणून. 2023 साली देशाची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात मधुमेहाचे रोगी दहा कोटींच्या वर निघाले. हा श्रीमंतांचा रोग राहिलेला नाही. खुद्द बाबासाहेबांना शेवटची वर्षे मधुमेहाने किती छळले हे आपण वाचलेले आहे.

बंधूंनो, आपल्या समाजात ‘कमी खा’ असे सांगणे सोपे नाही. 1972 च्या दुष्काळात मी तीन वर्षांचा होतो. माय खडी फोडायला जायची. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी, एवढ्यावर आम्ही जगलो. त्याच्या आधीच्या पिढ्यांनी तर दुसऱ्याच्या दारातले शिळे तुकडे आणून पोट भरले. त्यामुळे ‘पोटभर जेवण’ हा आपल्याला मिळालेला मोठा हक्क आहे. पाहुण्याला आग्रह करून वाढणे हा आपला मान आहे.

मग बिघडले कुठे? मी माझेच सांगतो. मला पन्नाशी लागली तेव्हा वजन 84 किलो होते. मी जेवायचो दोनदाच, असे मला वाटायचे. एक दिवस वहीत सगळे लिहून काढले. पहाटे चहा-बिस्कीट, पाळीला जाताना चहा, खात्यात दोन चहा, सुट्टीत डबा, घरी येताना भजी, पुन्हा चहा, पोरांबरोबर फरसाण, रात्री दहाला पोटभर भाकरी. पहाटेपासून रात्रीपर्यंत नऊ वेळा तोंड चालत होते! भूक किती वेळा लागली होती? एकदाही नाही.

आपल्याकडे एक घोटाळा आहे. उपास म्हटले की साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, भगर, वर तूप. म्हणजे रोजच्यापेक्षा दुप्पट! 14 ऑक्टोबर 1956 नंतर आपण देवाचे उपास सोडले, ते चांगलेच झाले. पण अष्टशील आपण घेतो, त्यातले सहावे शील विकाल भोजनापासून दूर राहण्याचे आहे. भिक्खू संघ मध्यान्हानंतर जेवत नाही. हे कुठल्या देवाला खूश करण्यासाठी नाही. रात्रीचे जेवण सोडल्याने आजार कमी होतात, अंग हलके राहते आणि बळ टिकते, असे तथागतांनी भिक्खूंना स्वतःच्या अनुभवावरून सांगितले.

दुसरी गोष्ट लक्षात घ्या. उरुवेलेला त्यांनी अन्न सोडून शरीर वाळवून पाहिले, आणि हा मार्ग नव्हे म्हणून सुजाताची खीर घेतली. म्हणजे उपाशी मरणेही नाही आणि सारखे चरणेही नाही. मध्यम मार्ग ताटालाही लागू आहे.

संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट आहे. तो एका जेवणाला द्रोणभर भात खायचा. एकदा धापा टाकत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला राज्य सोडायला सांगितले नाही, नवस सांगितला नाही. प्रमाणात खाणाऱ्याचे दुखणे कमी होते आणि म्हातारपण सावकाश येते, एवढेच सांगितले. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा रोज जेवताना म्हणायला लावली. भात हळूहळू कमी होत नाळीभरावर आला आणि राजा सडपातळ झाला. यात ‘हळूहळू’ आणि ‘रोज आठवण’ या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

आपल्या शेजारच्या लातूरचे नाव या कामी महाराष्ट्रभर झाले. तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात त्या वेळी प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार लोकांपर्यंत नेला. कडक भूक लागते अशा दोन वेळा ओळखायच्या. त्या दोन वेळा 55 मिनिटांच्या आत जेवायचे. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा, आणि रोज चालायचे. कारण त्यांनी असे दिले, की काहीही खाल्ले की शरीरात इन्सुलिन सुटते. ते सारखे सुटत राहिले की साठलेली चरबी वापरली जात नाही. 2018 साली सरकारने त्यांना स्थूलतेविरुद्धच्या मोहिमेचे दूत केले.

सगळ्या डॉक्टरांना हे पटते असे नाही, हेही सांगितले पाहिजे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात 139 जणांवर वर्षभर प्रयोग झाला, तो 2022 साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांनी खाणे कमी केले. त्यातल्या काहींनी सकाळी 8 ते दुपारी 4 एवढ्यातच खाल्ले. वजन दोन्हीकडे उतरले, फरक फारसा पडला नाही. म्हणजे घड्याळात जादू नाही. पण वेळ ठरली की आपला हात डब्याकडे जायचा थांबतो, हा माझा अनुभव आहे.

मी चूकही केली, ती ऐका. कुणाला न विचारता दोन जेवणे सुरू केली आणि शुगरची गोळी तशीच चालू ठेवली. चौथ्या दिवशी साच्यापुढे घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधार आला. जोडीदाराने साखर चारली म्हणून वाचलो. हात साच्यात गेला असता तर आज इथे उभा नसतो. डॉक्टरांनी गोळी कमी केली, मगच पुढे गेलो. म्हणून गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये. लेकरे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांनी तर या वाटेला जाऊच नये.

मग मी पहिल्या पाळीला अकराला आणि संध्याकाळी साडेसहाला जेवू लागलो. रातपाळी असली की जाण्याआधी आठला आणि झोप झाल्यावर दुपारी एकला. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, अंबाडीची भाजी, कांदा, शेंगाची चटणी. महाग काही नाही. आठ महिन्यांत वजन 76 वर आले. तीन महिन्यांची साखर 8.4 होती, ती 6.6 झाली.

पण पहिल्या दिवशी मी तिसरी भाकरी नको म्हणालो तेव्हा माय रडली. म्हणाली, “पोट मारून आम्ही तुला वाढवलं, आन् आता तूच पोट मारतोस?” मी तिला म्हणालो, “माय, तुला मिळत नव्हतं म्हणून तू उपाशी होतीस. मला मिळतंय, म्हणून मी थांबतोय.” ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी सहा वाजता तिनेच हाक मारली, “चल, जेवायची वेळ झाली.”

भगिनींनो, तुम्हाला मात्र वेगळे सांगायचे आहे. घरात सगळ्यात शेवटी, उरलेसुरले खाणाऱ्या बाईला ‘कमी खा’ सांगणे हा अन्याय आहे. तिने आधी वेळेवर, सगळ्यांबरोबर बसून, उसळ-भाजीसकट पोटभर जेवावे. तिच्या ताटात काय पडते हे घरातल्या पुरुषांनी पाहावे.

शेवटी एक सूचना. विहारातल्या दर कार्यक्रमाला आपण गोड चहा, बिस्कीट, फरसाण वाटतो. वैशाख पौर्णिमेचे खीरदान जरूर करू. एरवी उकडलेल्या हरभऱ्याच्या घुगऱ्या आणि ताक ठेवू. आणि घरी जाऊन आज एकच करा. दिवसभरात काय काय तोंडात गेले ते वहीत लिहा, आणि प्रत्येकापुढे भूक होती की नव्हती ते खरे लिहा.

भाकरी आपण लढून मिळवली आहे. ती आपल्याला खाऊन टाकणार नाही एवढे बघू या.

नमो बुद्धाय! जयभीम!