मुदत विद्यार्थ्यालाच कां?

(पदवीपुढील शिक्षण घेणाऱ्या खेड्यांतील मुलामुलींच्या व त्यांच्या पालकांच्या मेळाव्यांत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



गांवांत मुलगा बी. ए. झाला कीं आपण पेढे वांटतों. त्यापुढें तो एम्. ए. ला गेला, तेथून पीएच्. डी. च्या संशोधनाला लागला, म्हणजे मात्र त्याचें काय चाललें आहे हें आपणांस समजेनासें होतें. तिशीला आलेला पोरगा अजून शिकतोच आहे, कमावीत नाहीं, लग्नाला उभा राहत नाहीं, सुटीला आला तरी कागद घेऊन बसतो, असें आईबाप आपसांत बोलूं लागतात. एवढें शिकून हा करणार काय, असा प्रश्न पारावर विचारला जातो. डिसेंबर २०२३ मध्यें तो विधिमंडळांतही विचारला गेला. म्हणून या मुलांचा पैसा कोठून येतो, तो कोठें अडतो, मुदतीचा फांस त्यांच्या गळ्याला कसा बसतो आणि अशा वेळीं त्यांना कोण सांवरतें, या चार गोष्टी आज आम्ही आपणांपुढें मांडणार आहों.

प्रथम पैशाची गोष्ट. सन १८८२ मध्यें जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनापुढें जें निवेदन केलें, त्यांत शिष्यवृत्त्यांविषयींही लिहिलें होतें. ज्या वर्गांना विद्येची गोडी आधींच लागली आहे त्यांच्याच पदरांत सरकारी शिष्यवृत्त्या पडतात. नुसत्या चढाओढीनें त्या वांटणें दिसावयास न्यायाचें असलें तरी त्यानें मागें राहिलेल्या वर्गांत विद्या पसरत नाहीं. करितां कांहीं शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठींच ठेवाव्या, असें त्यांचें म्हणणें होतें. शेतकऱ्याच्या घामाचा सारा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हें गाऱ्हाणेंही त्यांनीं तेथेंच मांडलें. आज पुण्यास बार्टी व सारथी आणि नागपुरास महाज्योति या संस्था मागासलेल्या व शेतकरी समाजांतील संशोधकांना विद्यावेतन देतात, ती जोतीरावांच्या त्या मागण्याची उशिरां आलेली पावती होय. तें दान नव्हे. आपल्याच घामाचा कांहीं अंश आपल्या लेकरांकडे परत येत आहे. तेव्हां, 'सरकारचें फुकट खातात' हें बोलणें आपल्या तोंडीं तरी नसावें.

आतां हा पैसा किती? विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधकाची वृत्ति १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनंतर ती ४२,००० होते व सारी मिळून पांच वर्षें चालते. आंकडा ऐकून कोणी म्हणेल, हा तर साहेबाचा पगार झाला! पण एक तर ही वृत्ति थोड्यांच्याच वांट्याला येते. दुसरें, ज्यांना मिळते त्यांनाही पुष्कळदां ती महिन्याच्या महिन्याला मिळत नाहीं. चार-चार, सहा-सहा महिने तुंबते आणि मग एकदम येते. शहरांतील खोलीचा मालक सहा महिने थांबत नाहीं. खानावळवाला थांबत नाहीं. विद्यापीठाची फी थांबत नाहीं. मग तो मुलगा सावकारी व्याजानें कर्ज काढतो, नाहीं तर पुस्तक मिटून कोणाच्या तरी दुकानांत हिशेब लिहावयास बसतो. सहा महिन्यांनीं पैसे येतात ते व्याजांत आणि उसनवारींत जातात. शेतकऱ्याच्या मालाचे पैसे थकले म्हणजे काय होतें हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही गोष्ट अधिक फोडून सांगावयास नको. उशिरां दिलेलें बियाणें आणि न दिलेलें बियाणें सारखेंच. पेरणी गेली ती गेली.

आणि येथेंच मुदत येते. सन २०२२ च्या नियमांप्रमाणें पीएच्. डी. ला कमींत कमी तीन व जास्तींत जास्त सहा वर्षें आहेत. पुन्हा नोंदणी करून आणखी दोन वर्षें मिळूं शकतात. स्त्रियांना व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे, आणि बाळंतपणासाठीं २४० दिवसांपर्यंत रजा आहे. मुदत असावी, याविषयीं आमचा वाद नाहीं; मुदतीवांचून कामाला शिस्त येत नाहीं. आमचा वाद निराळा आहे. विद्यार्थ्यानें अर्ज एक दिवस उशिरां केला तर अर्ज बाद. प्रगतीचा अहवाल चुकला तर वृत्ति बंद. पण देणाऱ्यानें सहा महिने उशीर केला तर? त्याला ना दंड, ना जाब. मुदत एकट्या विद्यार्थ्यालाच कां?

दाखले ताजे आहेत. सन २०२३ मध्यें बार्टीकडे अर्ज करून पात्र ठरलेल्या ८६१ संशोधकांना सरसकट वृत्ति मिळावी म्हणून मुलेंमुली मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडून बसलीं. त्याच वर्षीं २४ डिसेंबर रोजीं बार्टी, सारथी व महाज्योति यांच्या वृत्तीसाठीं एकत्र परीक्षा झाली; ती प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेट परीक्षेचीच निघाली, असा बोभाटा झाला, आणि १० जानेवारी २०२४ रोजीं परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. चूक वरच्यांची, फेरा मुलांना. अल्पसंख्य समाजांतील संशोधकांची मौलाना आझाद वृत्ति बंद केल्याचें डिसेंबर २०२२ मध्यें लोकसभेंत सांगण्यांत आलें. परदेशीं शिकावयास जाणाऱ्या मागासवर्गीयांची जी राष्ट्रीय शिष्यवृत्ति आहे, तिच्यासाठीं २०२५ मध्यें १०६ जण निवडले गेले. पण प्रथम पत्रें मिळालीं फक्त ४० जणांना, आणि बाकीच्या ६६ जणांना निधि उपलब्ध झाल्यास पाहूं, असें कळविण्यांत आलें. परदेशचें विद्यापीठ आपल्या खजिन्याची वाट पाहत नाहीं. तेथील दार ठरल्या दिवशीं बंद होतें. निवड झाली म्हणून गांवांत हार घातलेला मुलगा मग तोंड लपवून हिंडतो.

पैसा आणि मुदत यांची फारकत झाली म्हणजे काय होतें, आणि त्यांतून माणूस कसा वांचतो, हें बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रांत स्पष्ट दिसतें. सन १९१२ मध्यें ते बी. ए. झाले. दुसऱ्या वर्षीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति तीन वर्षांसाठीं दिली व ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. १९१५ मध्यें ते एम्. ए. झाले, आणि १९१६ मध्यें पुढील अभ्यासासाठीं लंडनास गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्यें हातांतील काम अर्धें टाकून त्यांना परत यावें लागलें. बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तर जातीमुळें राहावयास जागा मिळेना. एखाद्याचें शिक्षण येथेंच संपलें असतें.

तें दोन गोष्टींमुळें संपलें नाहीं. एक, चार वर्षांच्या आंत परत येऊन काम पुरें करण्याची परवानगी लंडन विद्यापीठानें त्यांना दिली होती. म्हणजे मुदत देणाराही माणसाची अडचण ओळखणारा होता. दुसरी गोष्ट माणसांची. मुंबईच्या सिडनॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून त्यांनीं पै पै सांठविली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं मदतीचा हात दिला, आणि नवल भथेना या पारशी मित्रानें पांच हजार रुपये उसने दिले. हे भथेना कोण? तर न्यूयॉर्कच्या लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहांत बाबासाहेबांबरोबर राहिलेले सोबती! १९२० मध्यें बाबासाहेब लंडनास परतले. १९२३ मध्यें रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी. एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच्. डी. तर १९२७ मध्यें हातीं पडली. मधल्या काळांत, हिंदुस्थानच्या चलनाची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनापुढें त्यांनीं साक्षही दिली होती. एवढें शिकून करणार काय, असें विचारणारांना याहून निराळें उत्तर देण्याची गरज नाहीं.

वसतिगृहांतील सोबत ही केवळ निजण्या-जेवण्याची सोय नव्हे, हें या गोष्टीवरून ध्यानांत येईल. शाहू महाराजांनीं हें ओळखलें होतें. सन १९०१ मध्यें कोल्हापुरांत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें, १९०८ मध्यें अस्पृश्य मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग निघालें, आणि एकेका समाजाचीं वसतिगृहें मिळून सारें शहरच विद्यार्थ्यांचें घर झालें. भाऊराव पाटलांनीं १९२४ मध्यें साताऱ्यास बोर्डिंग काढलें, तेथें सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीला बसविलीं, आणि त्या मुलांच्या तोंडचा घास तुटूं नये म्हणून लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने दिले. संशोधन करणारा मुलगा फार एकटा असतो. परीक्षा नाहीं, वर्ग नाहीं, शाबासकी नाहीं; वर्षानुवर्षें एकच विषय. त्यांत पैसा थकला, मार्गदर्शकानें चार महिने कागद पाहिले नाहींत, आणि घरून लग्नाचा तगादा आला, म्हणजे खोलीचें दार लावून बसलेल्या त्या पोराच्या मनांत काय काय येत असेल, याचा विचार करा. शेजारच्या खोलींत हांक मारणारा कोणी असेल तर तो तरतो.

आतां आपण काय करावें? सरकारकडे एकच मागणें आधीं मागूं या: ज्या तारखेस पगारदाराला पगार मिळतो, त्या तारखेस संशोधकाला विद्यावेतन मिळावें, आणि तें जितके महिने थकेल तितके महिने प्रबंधाची मुदत आपोआप वाढावी. यांत नवा खर्च एक पैशाचा नाहीं. देणाऱ्यालाही घड्याळ लावावें, एवढेंच.

पण सारें सरकारवर टाकून आपण मोकळे होऊं नये. आम्ही शाळामास्तर पहिले जबाबदार आहों. विद्यापीठांत अडणारा कागद पुष्कळदां खेड्यांतील शाळेच्या जनरल रजिस्टरांत अडलेला असतो. नांवांत एक अक्षर चुकलें, आजोबांच्या जातीची नोंद सांपडेना, कीं पडताळणी रखडली. अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५० पूर्वींचा, विमुक्त-भटक्यांस २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वींचा आणि इतर मागासवर्गास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा वास्तव्याचा पुरावा लागतो. म्हणून मूल दहावींत असतांनाच शाळेनें हे उतारे काढून द्यावे, एम्. ए. च्या अर्जाच्या शेवटच्या दिवशीं बापानें तालुक्याला धांवूं नये. जीं रजिस्टरें जीर्ण झालीं आहेत, तीं आज जपलीं नाहींत तर उद्यां कितीएक मुलांचा हक्कच वाळवी खाईल.

दुसरें, प्रत्येक मोठ्या गांवानें एक उसनवार निधि काढावा. दान नको, व्याज नको. वृत्ति थकली तर तीन महिन्यांच्या खानावळीपुरते पैसे द्यावे, आणि वृत्ति आली कीं विद्यार्थ्यानें ते परत करावे, म्हणजे तेच पैसे दुसऱ्याच्या कामीं येतील. लग्नांतील वाजंत्री व फटाके यांवर आपण एका रात्रींत जें उडवितों, त्याच्या पासंगालाही हा खर्च पुरणार नाहीं. हिशेब चावडीवर लावावा, आणि निधि एका जातीचा नसावा. भूक जात विचारीत नाहीं.

तिसरें, शहरांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनीं महिन्यांतून एकदां एकत्र बसावें. कोणत्या अर्जाची कोणती तारीख, कोणाची वृत्ति किती थकली, कोण आठ दिवसांत दिसला नाहीं, हें एका वहींत लिहावें. आधीं शिकलेल्यानें मागून येणाऱ्यास अर्ज भरून द्यावा. एकट्याच्या तक्रारीला कारकून उत्तर देत नाहीं; पन्नास सह्यांच्या अर्जाला द्यावें लागतें.

शेवटीं मुलींविषयीं. त्यांना विद्यापीठानें दोन वर्षें अधिक दिलीं, पण घर त्यांना दोन महिनेही अधिक देत नाहीं. स्थळ आलें कीं प्रबंध गुंडाळावयास सांगतात. मायबापहो, सरकारला मुदतीचा जाब विचारावयाचा असेल तर आधीं आपल्या घरांतील ही मुदत आपण उठविली पाहिजे. मुलीचा प्रबंध पुरा होईपर्यंत स्थळ थांबलें नाहीं तर तें स्थळ गेलें असेंच समजावें.

उसनवार निधीच्या यादीवर आमच्या एका महिन्याच्या पगाराचा दहावा हिस्सा मांडून आम्ही आपली रजा घेतों. यादी अध्यक्षांच्या मेजावर ठेवली आहे.