बिनतारी हेडफोनांचे नामकरण

(शिक्षक, पंचायत कर्मचारी व पालक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता अगदी किरकोळ वाटेल. स्मार्टफोनला जोडल्या जाणाऱ्या बिनतारी हेडफोनला स्वतःच्या पसंतीचे नाव द्यावे, एवढेच मला सांगायचे आहे. परंतु किरकोळ वाटणाऱ्या व्यवस्थेवरच पुष्कळदा मोठ्या सोयी अवलंबून असतात. आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत आहे. लग्नकार्यात शेजारपाजारच्या घरांतून पराती आणि पातेली मागून आणावी, कार्य पार पडल्यावर ती ज्याची त्याला बिनचूक परत जावीत, यासाठी तो खटाटोप. भांडी दिसायला सारखी असतात, नावाने ती वेगळी होतात. हेडफोनच्या बाबतीतही प्रश्न हाच आहे.

एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे दहा हेडफोन शाळेत आले, तर त्या दहांचेही नाव बहुधा एकच असते. कारखान्यातून ते कंपनीचे नाव आणि काही इंग्रजी अक्षरे व आकडे घेऊन बाहेर पडतात. टॅब्लेटच्या पडद्यावर तेच नाव दहादा उमटले, तर शिक्षकाने कोणत्या ओळीवर बोट ठेवावे? घरीही तोच प्रकार. आजीसाठी आणि नातवासाठी सारखेच दोन हेडफोन घेतले. आखातात नोकरीला असलेल्या मुलाचा फोन आला. आजीने हेडफोन कानाला लावला. आणि आवाज मात्र कपाटात ठेवलेल्या दुसऱ्याच हेडफोनमध्ये गेला. आजीला वाटते, आपले कानच गेले. वास्तविक कान ठीक असतात, चुकते ती निवड.

हे समजण्यासाठी या यंत्रणेची थोडी ओळख करून घेऊ. ब्लूटूथ हे जवळच्या अंतरावर रेडिओलहरींनी उपकरणे जोडण्याचे तंत्र आहे. स्वीडनमधील लुंड या शहरात एरिक्सन कंपनीने १९९४ साली त्याच्यावर काम सुरू केले. पुढे १९९८ साली एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम व तोशिबा या पाच कंपन्यांनी एकत्र येऊन त्याच्या प्रसारासाठी संघटना स्थापन केली. त्याच्या नावाचीही कथा मनोरंजक आहे. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हाराल्ड नावाचा राजा होऊन गेला. त्याचे टोपणनाव ‘निळा दात’ या अर्थाचे होते. विखुरलेल्या प्रदेशांना त्याने एका सत्तेखाली आणले, म्हणून निरनिराळ्या यंत्रांना जोडणाऱ्या या तंत्रालाही त्याचे नाव द्यावे, अशी सूचना इंटेलचे अभियंते जिम कार्डाक यांनी १९९७ साली केली. ते नाव तात्पुरते म्हणून घेतले होते, पण तेच कायम झाले. आज फोनच्या पडद्यावर दिसणारे निळे चिन्ह त्या राजाच्या नावाच्या दोन आद्याक्षरांचे, प्राचीन रून लिपीतील जोडाक्षर आहे.

आता मुद्द्याकडे येऊ. प्रत्येक ब्लूटूथ उपकरणाला दोन ओळखी असतात. पहिली ओळख म्हणजे त्याचा पत्ता. तो ४८ बिटांचा असून सहा जोड्यांत, बारा चिन्हांनी लिहितात. दुसरी ओळख म्हणजे त्याचे नाव. शाळेत एकाच वर्गात एकाच नावाची दोन मुले असतात, परंतु दाखलेबुकातील त्यांचे क्रमांक वेगळे असतात, तसेच हे आहे. फोन आणि हेडफोन परस्परांशी बोलतात ते पत्त्यावरून. ते २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, ७९ मार्गिकांमधून, सेकंदाला १,६०० वेळा मार्ग बदलत बोलत असतात आणि मार्ग बदलण्याचा हा क्रमदेखील पत्त्याच्या आधारे ठरतो. त्यामुळे एकाच नावाचे दोन हेडफोन शेजारी असले, तरी यंत्रांचा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो माणसाचा, कारण माणूस पत्ता वाचत नाही, नाव वाचतो. नाव ही माणसाची सोय आहे, म्हणून ते माणसाने आपल्या सोयीने ठेवावे, हे ओघानेच आले.

नाव बदलण्याची कृती सोपी आहे. अँड्रॉइड फोनमध्ये प्रथम हेडफोन सुरू करून तो फोनला जोडावा. मग ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन जोडलेल्या उपकरणांचा किंवा ब्लूटूथचा विभाग उघडावा. हेडफोनच्या नावाशेजारी दातेरी चाकाचे चिन्ह असते, ते दाबावे. पुढच्या पडद्यावर पेन्सिलीचे चिन्ह दिसते. काही फोनांमध्ये त्याऐवजी नाव बदलण्याचा शब्दांतील पर्याय असतो. तो निवडून जुने नाव पुसावे, नवे लिहावे आणि जतन करावे. आयफोनमध्ये ‘सेटिंग्ज’मधील ब्लूटूथच्या यादीत नावाशेजारी वर्तुळातले ‘आय’ हे अक्षर असते. अॅपलच्या एअरपॉड्सचे नाव तेथून बदलता येते. इतर कंपन्यांच्या सर्वच हेडफोनांना तो पर्याय दिसतो असे नाही. बोससारख्या काही कंपन्या मात्र नाव बदलण्याची सोय आपल्या स्वतःच्या अॅपमध्ये देतात.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा, कारण पुष्कळांची निराशा याच ठिकाणी होते. भांड्यावर टोचून घातलेले नाव भांड्याबरोबर गावभर जाते. ‘थोरल्या काकूंची परात’ हे नाव मात्र आपल्या घरातल्या माणसांच्या तोंडी असते. परातीवर ते कोठेही लिहिलेले नसते. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये आपण जे नाव देतो, ते सामान्यतः या दुसऱ्या प्रकारचे असते. ते त्या एका फोनच्या स्मरणात राहते. तोच हेडफोन दुसऱ्या फोनला जोडला, तर तेथे कारखान्याचेच नाव दिसेल. पहिल्या फोनमधूनही ती जोडणी काढून टाकली, म्हणजे फोनला तो हेडफोन ‘विसरायला’ लावले, तर दिलेले नाव जाते आणि पुन्हा द्यावे लागते. एअरपॉड्सचे किंवा कंपनीच्या अॅपमधून बदललेले नाव मात्र उपकरणातच साठवले जाते, म्हणजे ते भांड्यावर टोचलेल्या नावासारखे असते. दुसऱ्या फोनलाही ते दिसते.

शाळांनी या भेदाचा विचार करूनच व्यवस्था लावावी. जडवस्तुसंग्रह नोंदवहीत प्रत्येक हेडफोनला जो क्रमांक दिला असेल, तोच क्रमांक त्याच्या अंगावर चिकटपट्टीने लावावा आणि तोच टॅब्लेटमधील नावात लिहावा. क्रमांक चारचा हेडफोन क्रमांक चारच्या टॅब्लेटलाच जोडावा. नाव देताना एका वेळी एकच हेडफोन सुरू ठेवावा, बाकीचे डब्यात बंद असावेत. नाव देऊन झाल्यावर एखादा धडा लावून तो योग्य कानात ऐकू येतो की नाही, याची खातरजमा करावी आणि मगच दुसरा हेडफोन हाती घ्यावा. दहा हेडफोनांसाठी फार तर एक तास लागेल. परंतु पुढे वर्षभर तासिकेची पहिली दहा मिनिटे वाया जाणार नाहीत.

ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, अशा विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तर ही व्यवस्था अत्यावश्यक आहे. अँड्रॉइडमधील टॉकबॅक आणि आयफोनमधील व्हॉइसओव्हर या सोयी पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवतात. यादीतील तीन ओळींवर एकच नाव असेल, तर त्या विद्यार्थ्याला एकच शब्द तीनदा ऐकू येतो. डोळस माणूस निदान जागा लक्षात ठेवील. या मुलाने काय करावे? प्रत्येक वेळी दुसऱ्याला हाक मारावी? ‘माझा हेडफोन’ आणि ‘वर्गातला स्पीकर’ अशी दोन नावे ऐकू आली, की त्याला कोणाच्याही मदतीविना आपला धडा ऐकता येतो. मात्र फोनचा आवाज इंग्रजी असेल, तर देवनागरी नाव तो नीट उच्चारतो की नाही हे एकदा ऐकून पाहावे आणि आवश्यक तर वाचनाची भाषा बदलावी.

वडीलधाऱ्यांचेही तसेच. आपल्या गावांतील अनेक वृद्ध स्त्रिया मराठी उत्तम वाचतात, पण इंग्रजी अक्षरे आणि आकड्यांची ती साखळी त्यांना परकी वाटते. त्यांच्या फोनमध्ये ‘आजीचा हेडफोन’ असे मराठीत लिहिले, की त्या स्वतः ती ओळ शोधतात आणि स्वतः दाबतात. नातू शाळेतून येईपर्यंत त्यांना थांबावे लागत नाही. हे सर्व एका नावाने साधते. ब्लूटूथच्या नियमानुसार उपकरणाचे नाव २४८ बाइटांपर्यंत असू शकते. देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हाला, काना, मात्रा व वेलांटीसह, तीन बाइट लागतात. ‘आजीचा हेडफोन’ हे नाव मधल्या मोकळ्या जागेसह अवघ्या ३४ बाइटांत बसते. तेव्हा मराठीला जागा नाही, असे कोणी म्हणू नये. एवढे मात्र खरे, की उपकरणातच साठवलेले देवनागरी नाव काही जुन्या यंत्रांना व मोटारींमधील काही ध्वनिसंचांना दाखवता येत नाही. तेथे अक्षरांऐवजी चौकोन उमटतात. असे यंत्र वापरात असेल, तर तेवढ्यापुरते रोमन लिपीतील सोपे नाव ठेवावे.

आता पंचायतीच्या व शासकीय कचेऱ्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी दोन शब्द. सभागृहातील स्पीकर एकदा आपल्या फोनला जोडला, की पुढे तो सुरू होताच अनेक फोन आपण होऊन त्याला जोडले जातात. अशा वेळी आलेला फोन आपण उचलला आणि पलीकडची व्यक्ती आपले दुखणे, उत्पन्नाची अडचण किंवा घरातला तंटा सांगू लागली, तर तो आवाज साऱ्या सभागृहात घुमेल. नागरिकाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चव्हाट्यावर येईल आणि ते नुकसान भरून काढता येणार नाही. म्हणून स्पीकरला ‘सभागृह स्पीकर’ असे ठसठशीत नाव द्यावे. बोलण्यापूर्वी पडद्यावर कोणते नाव दिसते, ते पाहण्याची सवय लावून घ्यावी आणि सभा संपताच ती जोडणी तोडावी.

नाव देताना अतिउत्साह मात्र टाळावा. नावात दूरध्वनी क्रमांक, संपूर्ण नाव, हुद्दा किंवा घराचा पत्ता लिहू नये. एअरपॉड्सच्या नावात मालकाचे नाव बहुधा आपोआप येते, तेही पाहून घ्यावे. फोनलाही स्वतःचे नाव असते. ब्लूटूथचा पडदा उघडा असताना ते आसपासच्या फोनांना दिसू शकते, आणि आयफोनच्या हॉटस्पॉटला तर फोनचेच नाव लागते. बसस्थानकावर किंवा बाजारात आपली ओळख अशी वाटत सुटण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट. नाव म्हणजे कुलूप नव्हे. कोणीही आपल्या उपकरणाला वाटेल ते नाव देऊ शकतो. त्यामुळे ओळखीचे नाव दिसले, एवढ्यावरून अनोळखी जोडणीला संमती देऊ नये. दोन फोन जोडताना दोन्ही पडद्यांवर सहा अंकी संख्या दिसते, ती सारखी असल्याची खात्री करावी. आपण मागितली नसताना जोडणीची विचारणा आली, तर ती नाकारावी. २०१७ साली ‘ब्लूबोर्न’ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्रुटी उघडकीस आल्या, तेव्हा फोन अद्ययावत ठेवण्याचे महत्त्व जगाला कळले. तो धडा आजही लागू आहे.

मंडळी, नवी यंत्रे आपल्या दारी येतात तेव्हा ती परक्या नावांनी येतात. त्यांचा उपयोग कसा करायचा, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती आपल्या घरची कशी करून घ्यायची, हे मात्र आपले आपणच ठरवावे लागते. शिक्षकांनी शाळेतील हेडफोनांची यादी करावी, कर्मचाऱ्यांनी कचेरीतील स्पीकर पाहावेत आणि मुलांनी घरी गेल्यावर आजीच्या फोनमध्ये तिला वाचता येईल असे नाव लिहून द्यावे. नाव कोणते ठेवायचे, हे मात्र आधी तिलाच विचारावे.