अधिक आणि उणे
(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)

बायांनो, अधिक आणि उणे ही चिन्हे तुम्ही शिकलात. आज आम्ही तुम्हाला एका कागदावरची अधिक-उणे वाचायला सांगणार आहोत. तिथला हिशेब निराळा आहे.

आपल्या वर्गातल्या एका बहिणीच्या छातीत गाठ आली. दुखत नाही, म्हणून तिने ती लपवली. पण कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही! पुढे तपासणी झाली. कागदावर "पॉझिटिव्ह" म्हणजे अधिक आले. घरात रडारड झाली. सासू म्हणाली, "आता खर्च कशाला?"

आम्ही तो कागद पाहिला. तो काय सांगत होता, ऐका.

शितावरून भाताची परीक्षा करतात ना? तसा डॉक्टर सुईने गाठीचा लहानसा तुकडा काढतात. त्यावरून कॅन्सर आहे की नाही ते कळते. असला तर त्याचा स्वभावही कळतो. स्वभावाच्या खुणा ३: ईआर, पीआर आणि हर-टू.

ईआर, पीआर अधिक म्हणजे अंगातले हार्मोन नावाचे रस गाठीला खतपाणी घालतात. टॅमॉक्सिफेनसारखी गोळी ते खतपाणी तोडते. म्हणजे हे अधिक आशेचे! मात्र गोळी निदान ५ वर्षे घ्यायची. असा कॅन्सर १०-१५ वर्षांनीही परतू शकतो. बरे वाटले म्हणून गोळी सोडू नका.

हर-टू अधिक असली, तर गाठ झपाट्याने वाढते. पूर्वी या खुणेचे फार भय होते. १९९८ साली अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅब हे औषध मंजूर झाले. तेव्हापासून अशा पुष्कळ बाया वाचू लागल्या.

तिन्ही उणे आले, तर "सुटलो" म्हणू नका. ही औषधे तिथे चालत नाहीत, केमो लागते. पण अशी गाठ परतलीच, तर बहुधा पहिल्या काही वर्षांत. ती वर्षे निभावली, की धोका बराच उतरतो.

गाठ केवढी आहे, काखेत पसरली का, हेही डॉक्टर पाहतात. म्हणून उशीर नको. नागपुरात मेडिकल आहे, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे.

त्या बहिणीचे ईआर अधिक होते. सासूबाईंना आम्ही समजावले. आज सून गोळी घेते, आणि सासूच तिला रोज आठवण करते.

बायांनो, कागद जपून ठेवा. डॉक्टरांना विचारा, "माझ्या खुणा अधिक की उणे? त्यावर औषध कोणते?" विचारायला लाजू नका. अक्षर शिकलो ते याचसाठी.