डोंगर राखला तर विहीर राहील



आपल्या उत्तरेचा अजिंठ्याचा डोंगर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झाला. आपली कपाशी-ज्वारीची काळी माती म्हणजे त्याच खडकाची झीज. त्याच्या माथ्यावर पाण्याची वाटणी होते : उत्तरेचे पाणी वाघूर तापीला नेते, दक्षिणेचे पूर्णा गोदावरीला.

काळा पाषाण पाणी पीत नाही. पाणी मुरते ते भेगांत आणि मुरमात. मुरायला वेळ लागतो, तो वेळ झाड देते. साग, सालई, धावडा, पळस यांचा पाला आणि मुळ्या पावसाचा जोर मोडतात. झाड गेले की पाणी माती घेऊन पळते. मग बोअर कितीही खोल न्या. वरून मुरलेच नाही ते खाली कोठून येणार?

गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. त्याच्या हद्दीबाहेरचे माथे आणि गायराने आपणच राखायची आहेत. पावसाळ्याआधी ग्रामसभेत ठराव घ्या : माथ्यावर कुऱ्हाडबंदी, पाळीपाळीने चराईबंदी, आणि समतल चर माथ्यापासून खाली. ज्यांची शेरडे डोंगरावर जगतात त्यांना आधी विचारा. गवत कापून नेण्याचा पहिला हक्क त्यांचा.

कापसाचा भाव आपण सरकारकडे मागू. पाणी मात्र डोंगराकडेच मागावे लागेल.