साच्यांतला वीर

दिवाळीच्या सुटींत महाराष्ट्रांतील मुलें अंगणांत मातीचा किल्ला रचतात, तेव्हां कुंभाराकडून आणलेल्या चित्रांची त्यावर मांडणी होते. माथ्यावर शिवाजी महाराज सिंहासनावर बसतात, दरवाज्यावर पहारेकरी उभे राहतात आणि उतारावर मावळ्यांची रांग लागते. हे मावळे बहुधा एकाच साच्यांतून निघालेले असतात. एकाची पगडी तांबडी, दुसऱ्याची हिरवी, एवढाच काय तो भेद. तरीहि किल्ला रचणाऱ्या मुलाला ते सारखे वाटत नाहींत. एकाचा भाला मोडला कीं तो लढाईंत जखमी झालेला वीर ठरतो. दुसऱ्याला रंगपेटींतल्या काळ्या रंगानें दाढी काढली कीं तो त्या तुकडीचा नाईक होतो. कुंभारानें जी वस्तु पुरी करून विकली ती मुलाच्या हातीं पुन्हां अपुरी होते, आणि मग त्याच्या मनाप्रमाणें नव्यानें पुरी होऊं लागते.

तयार बाहुल्याला स्वतःच्या कल्पनेप्रमाणें नवें रूप देण्याचा हा उद्योग आज जगांत पुष्कळ मोठीं माणसें गंभीरपणें करतात. कारखान्यांतून आलेला प्लॅस्टिकचा सैनिक तीं उकलतात, एकाचें मस्तक दुसऱ्याच्या धडावर बसवितात, तासतात, रंगवितात. त्यांपैकीं अनेकांना जो वीर घडवावयाचा असतो तो लहानपणीं टेलिव्हिजनच्या पडद्यावर खेळलेल्या एखाद्या व्हिडिओ गेममधला असतो. पोरपणाचा हा छंद प्रौढपणीं कां परत येतो, आणि त्यांत केवळ पोरपणच आहे कीं आणखी कांहीं, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

त्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १५ जुलै १९८३ रोजीं जपानमधील निंटेंडो कंपनीनें ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नांवाचें यंत्र विक्रीस आणलें. घरच्या टेलिव्हिजनला जोडावयाचें हें यंत्र २५६ ठिपके रुंद आणि २४० ठिपके उंच एवढें चित्र उमटवीत असे, आणि हलत्या आकृतीच्या प्रत्येक तुकड्यासाठीं त्याला एका वेळीं तीनच रंग वापरतां येत. मारिओ हा जगप्रसिद्ध वीर त्याच्याहि आधीं, १९८१ सालच्या ‘डाँकी काँग’ या खेळांत अवतरला होता. शिगेरु मियामोतो यांना त्याचें सारें रूप सुमारें १६ ठिपके लांबीच्या व तितक्याच रुंदीच्या चौकटींत बसवावयाचें होतें. केस नीट काढतां येत नाहींत म्हणून त्याला टोपी मिळाली. तोंड दाखवावयास जागा नाहीं म्हणून नाकाखालीं मिशा आल्या. धांवतांना हात हललेले दिसावे म्हणून सदऱ्याहून निराळ्या रंगाचा, खांद्यावर पट्टे असलेला कामकऱ्याचा पोशाख त्याच्या अंगावर चढला. जें रूप पुढें कोट्यवधि मुलांना पाठ झालें, तें अशा रीतीनें अडचणींतून घडलें.

साच्याच्या काटकसरीचा नियम येथेंहि होता. १९८३ च्या ‘मारिओ ब्रदर्स’ या खेळांत दुसऱ्या खेळाडूसाठीं लुईजी नांवाचा भाऊ निर्माण झाला. तो म्हणजे रंग बदललेला मारिओच. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ मध्यें आकाशांतील पांढरे ढग आणि जमिनीवरील हिरवीं झुडपें यांची आकृति एकच आहे, भेद फक्त रंगाचा. १९८८ सालीं घरगुती यंत्रावर आलेल्या ‘कॉन्ट्रा’ या खेळांत दोन शूर सैनिक बरोबरीनें लढतात. एकाची विजार निळी आणि दुसऱ्याची तांबडी नसती, तर कोण आपला आणि कोण मित्राचा हें खेळणाऱ्यांना कळलें नसतें. किल्ल्यावरील मावळ्यांची पगडी आणि पडद्यावरील सैनिकाची विजार यांचें काम असें एकच होतें.

भारतांतील मध्यमवर्गीय घरांत हे खेळ पोंचले ते मुख्यतः १९९० नंतरच्या दशकांत, आणि तेहि बहुधा मूळ जपानी यंत्राच्या नकलांमधून. ज्या मुलांचें बालपण त्या काळांत गेलें, त्यांना कांहीं गोष्टी मुद्दाम आठवाव्या लागत नाहींत. उन्हाळ्याची सुटी, दुपारीं बंद केलेल्या खिडक्या, घरांत एकच टेलिव्हिजन आणि त्यावर सर्वांचा हक्क. खेळाची पेटी चालेनाशी झाली कीं तिच्या तोंडांत जोरानें फुंकर मारावयाची. वास्तविक गुण फुंकरीचा नसून पेटी पुन्हां नीट बसविण्याचा असे, परंतु ही गोष्ट कोणास पटली नसती. या पेटीला मुलें ‘कॅसेट’ म्हणत. तिच्यावर कधीं कधीं हजारों खेळांचा आंकडा छापलेला असे, आणि उघडून पाहावें तों त्यांत मोजकेच खेळ निरनिराळ्या नांवांनीं पुन्हां पुन्हां आलेले! आजीच्या मालिकेची वेळ झाली म्हणजे “आजी, एकच लाईफ उरली आहे, ती संपूं दे,” अशी विनवणी होई. आणि “तुझी ती लाईफ कधीं संपतच नाहीं बाळा,” असें म्हणत आजी आपली खुर्ची पुढें ओढी.

बटण दाबलें कीं पडदा काळा होई. पण वीर मनांत धांवत राही. त्याला डोळे कसे आहेत, रात्रीं तो कोठें निजतो, हें यंत्रानें कधीं सांगितलें नव्हतें; तेवढ्या ठिपक्यांत तें मावत नव्हतें. राहिलेलें सर्व मुलाला स्वतः भरावें लागे, आणि भरावयास हाताशीं असत तीं खेळणीं.

या खेळण्यांचीहि एक कथा आहे. अमेरिकेंतील हॅस्ब्रो कंपनीनें १९६४ सालीं ‘जी. आय. जो’ नांवाचा सैनिक काढला. मुलगे बाहुल्यांशीं खेळणार नाहींत या भीतीनें त्याला ‘बाहुला’ न म्हणतां ‘ॲक्शन फिगर’ असें नवें नांव देण्यांत आलें. प्रारंभीं जवळजवळ एक फूट उंच असलेला हा सैनिक १९८२ सालीं पावणेचार इंचांचा झाला आणि त्याची रचना बदलली. त्याच्या पाठींत एक बारीक स्क्रू असतो. आंत रबराचें एक लहानसें कडें कंबर व पाय धडाशीं ताणून धरतें. स्क्रू काढला कीं छाती, पाठ, हात, मस्तक व पाय सुटे होतात आणि एकाचे अवयव दुसऱ्यास सहज बसतात. त्याच वर्षीं मॅटेल कंपनीनें काढलेल्या ‘ही-मॅन’ च्या मालिकेंत तर एकच पीळदार देह अनेक वीरांना व दुष्टांना दिलेला आढळतो. भारतांत १९८७ सालीं एम. आर. एफ. व हॅस्ब्रो यांच्या सहकार्यानें फनस्कूल ही कंपनी निघाली. तिनें विकलेल्या जी. आय. जो सैनिकांत साचे अमेरिकन, पण रंग पुष्कळदां निराळे. म्हणून त्या भारतीय सैनिकांना परदेशांतील संग्राहक आज आवर्जून शोधतात.

पडद्यावर रंग बदलला कीं माणूस बदलतो, हा धडा ज्यानें गिरविला होता, त्या मुलाच्या हातीं स्क्रू काढण्याजोगा सैनिक आल्यावर जें व्हावयाचें तें झालें. ‘कॉन्ट्रा’ मधील तांबड्या विजारीचा वीर दुकानांत मिळत नव्हता. तेव्हां आईच्या कपाटांतील नेलपॉलिशची बाटली उपयोगीं आली. नेलपॉलिशमधील द्रावकानें कांहीं जातींचें प्लॅस्टिक मऊ पडतें. त्यामुळें विजार चिकट झाली, तिला धूळ बसली आणि वर बोलणीं खावीं लागलीं. “एवढे पैसे खर्चून आणलेली वस्तु नासलीस,” हा आईबापांचा त्रागा अन्यायाचा नव्हता. तें खेळणें वाढदिवसापुरतें येत असे. परंतु आईबापांना जेथें नासलेली वस्तु दिसत होती, तेथें मुलाला आपल्या मनांतला वीर प्रथमच हातांत धरावयास मिळाला होता, हेंहि तितकेंच खरें.

पंचवीस-तीस वर्षांनीं माळ्यावरची पेटी खालीं येते. सैनिक हातांत घेतांच त्याचे पाय गळून पडतात. आंतील रबराचें कडें काळानें कुजलेलें असतें. प्रौढांचा छंद पुष्कळदां याच ठिकाणीं सुरू होतो. प्रथम केवळ दुरुस्ति करावयाची असते. पण नवें कडें घालतांना देह उकललेला दिसतो आणि जुना हेतु जागा होतो. आतां मात्र हात शिकलेला असतो. अवयव साबणाच्या पाण्यानें धुवून त्यांवरील तेलकटपणा घालवावा, साच्याच्या जोडाची उमटलेली रेघ पात्यानें हलके खरवडावी, बारीक पॉलिश कागद फिरवावा; मस्तक मऊ प्लॅस्टिकचें असेल तर गरम पाण्यांत धरून सैल करावें; टोपी, मिशा, पट्टा असे नवे भाग हवे असतील तर दोन घटक सम प्रमाणांत मळून होणारा इपॉक्सीचा लेप घ्यावा, जो कांहीं तासांत दगडासारखा होतो. मग अस्तराचा पातळ हात, आणि त्यावर ॲक्रिलिक रंगाचे एकावर एक पातळ थर. सांध्याजवळ रंग घांसला जाऊन निघतो, म्हणून तेथें आधींच किंचित् प्लॅस्टिक तासून जागा करावी लागते. घाईनें दिलेल्या एका जाड थराखालीं चेहऱ्यावरील सर्व बारकावे बुजून जातात.

परंतु खरी कसोटी कुंचल्याची नसून स्मृतीची असते. मारिओ रंगवावयास घेतला असें समजावें. कोणता मारिओ? ‘डाँकी काँग’ मध्यें त्याचा पोशाख तांबडा व सदरा निळा होता. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ मध्यें पोशाख तांबडाच राहिला, पण केस, मिशा, सदरा आणि बूट हे सर्व एकाच तपकिरी रंगांत आले, कारण चौथा रंग उपलब्ध नव्हता. आणि पुढें रूढ झालेल्या चित्रांत सदरा तांबडा व पोशाख निळा असा उलट प्रकार आहे. तिन्ही खरे आहेत. ज्याला आपली आठवण पक्की वाटत होती तो येथें थबकतो. त्याच्या ध्यानांत येतें कीं वीराचे डोळे, त्याचा राकट किंवा प्रेमळ भाव, हें पडद्यावर कधींच नव्हतें. तें त्या दुपारीं त्यानेंच भरलें होतें. मग तो यंत्राची नक्कल सोडून देतो आणि त्या वेळच्या स्वतःच्या कल्पनेला रंग देऊं लागतो.

या उद्योगावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाहीं. जुनीं खेळणीं आतां थोडीं उरलीं आहेत; एकदां तासलेलें व रंगविलेलें खेळणें पूर्वस्थितीला येत नाहीं, आणि जपणाऱ्यांच्या दृष्टीनें ही एका काळाच्या खुणेची हानिच होय. म्हणून विवेकी कारागीर अखंड वस्तूला हात लावीत नाहीं. मोडके हात, हरवलेलीं शस्त्रें, फुटलेली कंबर असलेले सैनिकच तो निवडतो. परंतु जपणूकीलाहि मर्यादा आहेत. काचेच्या नळीचे जुने टेलिव्हिजन गेले, आणि त्या पडद्यासाठीं केलेलीं नेम धरण्याचीं खेळण्यांतलीं पिस्तुलें आजच्या सपाट पडद्यावर चालत नाहींत. ती खोली, ती दुपार आणि खुर्ची पुढें ओढणारी आजी यांना कोणत्याहि कपाटांत ठेवतां येत नाहीं. जें जसेंच्या तसें राखतां येत नाहीं, तें पुन्हां घडवूनच जवळ ठेवावें लागतें.

लुईजीचें उदाहरण येथें बोलकें आहे. रंग बदललेली नक्कल म्हणून जन्मलेला हा भाऊ पुढें अधिक उंच व सडपातळ झाला, त्याला स्वतंत्र स्वभाव मिळाला. कोणीतरी एका साच्यांतल्या दोघांकडे पाहून ‘हा निराळा आहे’ असें म्हटलें, तेव्हां तो निराळा झाला. किल्ल्यावरच्या मावळ्याला दाढी काढणारें मूल नेमकें हेंच करीत असतें.

तेव्हां एखाद्या संध्याकाळीं घरांतील मूल नव्या बाहुल्याचा स्क्रू काढीत बसलेलें आढळल्यास, रागावण्यापूर्वीं “हा कोण होणार आहे?” एवढें त्याला विचारून पाहावें. उत्तर लांबलचक येईल. तें ऐकून झाल्यावर नेलपॉलिशची बाटली मात्र उचलून ठेवावी, आणि पाण्यांत मिसळणाऱ्या रंगाची एक लहानशी डबी त्याच्या पुढें सरकवावी.